हेरेफर्ड ते हेल्म्सली : सेबॅस्टियन वेस्लीच्या मागावर

सोमवार, ब्रिस्टल

सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज रचनाकाराचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असेल. पण इंग्रजी उपासनेला नेमाने जाणाऱ्या माणसाने त्याची एखादी तरी चाल नक्की गायलेली असते. 'द चर्चेस वन फाउंडेशन' हे गीत ज्या चालीवर जगभर म्हटलं जातं ती 'ऑरिलिया' त्याचीच, १८६४ साली छापलेली. पुण्याला आमच्या चर्चमध्ये मी ती वर्षानुवर्षं वाजवत आले आहे. गीतांच्या पुस्तकात चालीच्या वर बारीक अक्षरांत छापलेलं ते नाव एकदा मनात बसलं आणि मग त्याचं मिळेल ते ऐकत गेले, वाचत गेले. पर्सेल आणि स्टॅनफर्ड या दोन मोठ्या रचनाकारांच्या मधल्या काळात इंग्लंडच्या चर्चसंगीतात त्याच्या तोडीचा दुसरा माणूस झाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

हेरेफर्ड, एक्सेटर, विंचेस्टर आणि ग्लॉस्टर ही चार कॅथीड्रलं आणि लीड्सचं पॅरिश चर्च, अशा पाच ठिकाणी त्याने ऑर्गनिस्ट म्हणून नोकरी केली. दादा ब्रिस्टलला असतो. नकाशा काढून बसलो तेव्हा लक्षात आलं, की लीड्स सोडलं तर बाकीची चारही गावं त्याच्या घरून सकाळी निघून रात्री परत येण्यासारखी आहेत. मे महिना मुद्दाम निवडला. ईस्टरची सुट्टी संपून गायकवृंद पुन्हा रोज गायला लागलेले असतात, आणि ईस्टरचा काळ चालू असल्याने वेस्लीची सर्वांत लाडकी रचना, 'ब्लेसेड बी द गॉड अँड फादर', कानावर पडण्याचा संभव जास्त.

जेवताना वहिनीने विचारलं, "वेस्ली म्हणजे ते मेथडिस्टवाले वेस्ली का गं?" हो, त्याच घरातला. हजारो गीतं लिहिणारे चार्ल्स वेस्ली हे त्याचे आजोबा आणि मेथडिस्ट पंथ सुरू करणारे जॉन वेस्ली चुलत आजोबा. वडील सॅम्युएल हेही नावाजलेले रचनाकार आणि ऑर्गनवादक. बायकोपासून वेगळे झाल्यावर ते घरात कामाला असलेल्या सारा सूटर हिच्यासोबत राहू लागले. लग्न कधीच झालं नाही. या जोडप्याचा हा मुलगा १४ ऑगस्ट १८१० रोजी लंडनला जन्मला. वडील जर्मन रचनाकार योहान सेबॅस्टियन बाखचे निस्सीम भक्त होते. इंग्लंडमध्ये बाखचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं त्या काळात त्यांनी त्याचे अठ्ठेचाळीस प्रेल्यूड आणि फ्यूग छापायला घेतले, तेही याच १८१० साली. मुलाच्या नावातला 'सेबॅस्टियन' तिथून आला. एवढं मोठं आडनाव आणि जन्मावरून समाजाने धरलेला बोल, असं दोन्ही घेऊन हा मुलगा राजाच्या चॅपल रॉयलमध्ये गायला लागला. त्याच्या पुढच्या तिरसटपणाची मुळं मला इथे दिसतात.

मंगळवार, हेरेफर्ड

सेव्हर्नवरचा जुना पूल ओलांडून वाय नदीच्या काठाकाठाने गेलो. रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना गर्द झाडी. टिंटर्नचा पडका मठ दिसल्यावर दादाने गाडी बाजूला घेतली, चहा झाला आणि अकराच्या सुमारास हेरेफर्डला पोहोचलो.

कॅथीड्रल तांबूस दगडाचं, मोठ्या शहरांतल्या कॅथीड्रलांपेक्षा अंगाने लहान. आवारात सायकलीला टेकून उभा असलेला रचनाकार एल्गारचा पुतळा आहे. येणारे बहुतेक लोक १३०० च्या सुमाराचा 'माप्पा मुंडी' हा जगाचा नकाशा आणि साखळदंडांनी बांधलेली पुस्तकं बघायला येतात. ते आम्हीही बघितलं. पण माझं सगळं लक्ष साडेपाचच्या इव्हनसाँगकडे, म्हणजे संध्याकाळच्या गायलेल्या उपासनेकडे होतं.

वेस्ली इथे १८३२ मध्ये आला, वय बावीस. दुरुस्त केलेल्या ऑर्गनच्या उद्घाटनासाठी त्याने 'द विल्डरनेस' लिहिलं. यशयाच्या ग्रंथातलं ते वचन, अरण्य आणि रुक्ष भूमी हर्षतील हे. लंडनच्या एका स्पर्धेला त्याने ते पाठवलं, तेव्हा परीक्षकाने शेरा मारला की रचना हुशारीची आहे खरी, पण हे कॅथीड्रलचं संगीत नव्हे. कॅथीड्रलचं संगीत म्हणजे अमुकच, असं त्या काळी ठरून गेलेलं होतं. वेस्लीने त्यात नाट्य आणलं, बाखच्या अभ्यासातून आलेली स्वरांची गुंतागुंत आणली आणि ऑर्गनच्या पायपट्ट्यांना स्वतंत्र काम दिलं. हे सगळं आज सवयीचं वाटतं, तेव्हा ते खटकत होतं.

आता 'ब्लेसेड बी द गॉड अँड फादर' विषयी. मोठे गायक कमी असल्याने त्या काळातल्या कॅथीड्रलांचे कसे हाल होते ते या एका रचनेत कळतं. हेरेफर्डचे मोठ्या वयाचे गायक हे सगळे दीक्षित पाळक असत. त्यांना बाहेरगावची चर्चेसही सांभाळायची असत. ईस्टरच्या रविवारी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या सणाला, ते आपापल्या चर्चकडे जात आणि कॅथीड्रलमध्ये गायला माणूस उरत नसे. तशाच एका ईस्टरला वेस्लीच्या हाताशी लहान मुलं होती आणि मोठ्यांतला एकच आवाज होता, डीनसाहेबांच्या, म्हणजे कॅथीड्रलच्या प्रमुख पाळकांच्या, बटलरचा. तेवढ्यांसाठी त्याने ही रचना लिहिली.

संध्याकाळी आम्हाला थेट गायकांच्या मागच्या लाकडी आसनांवर बसवलं. भिंतीवरच्या फलकावर त्या दिवसाचं अँथम, म्हणजे उपासनेत वृंदाने गायची रचना, लिहिलेलं होतं आणि ते हेच निघालं. दादाने कोपराने ढोसून मला दाखवलं.

ही रचना मी अनेकदा ध्वनिमुद्रणात ऐकलेली आहे. पण ज्या दगडी कमानींसाठी ती लिहिली गेली त्यांच्याखाली बसल्यावर तिची बांधणी समजते. सुरुवात सगळ्यांची, संथ, स्तुतीची. मग पुरुष एकसुरात पवित्र राहा असं बजावतात. त्यानंतर मध्यावर एकटा बालस्वर येतो, शुद्ध अंतःकरणाने एकमेकांवर प्रीती करा. गाणारी मुलगी असेल अकरा-बारा वर्षांची, चष्मेवाली. तिने एक ओळ म्हणायची आणि बाकीच्या मुलांनी ती हलकेच उचलायची, पुन्हा ती, पुन्हा सगळे. तिने श्वास कुठे घेतला ते मला समोरून दिसत होतं, ऐकू मात्र येत नव्हतं. इतक्या लहान वयात स्वरांच्या शेपटी इतक्या नीट सोडायला तिला शिकवणाऱ्याला माझा नमस्कार.

पुढे सर्व मानवजात गवतासारखी आहे ही ओळ. ती पुरुषांच्या खालच्या आवाजात, एकसुरात येते. ही त्या बटलरची ओळ. आज ती गायला अर्धा डझन गायक होते. गवत वाळतं, फूल गळतं, आवाज खाली खाली उतरत जातो, आणि मग ऑर्गन अचानक सगळं बळ काढून एक प्रचंड स्वरसमूह वाजवतो. आसनाची फळी पाठीला थरथरलेली कळली. त्यावर सगळा वृंद तुटून पडतो, परंतु प्रभूचं वचन सर्वकाळ टिकतं. वहिनीला या संगीताची सवय नाही, पण ती त्या क्षणी दचकून सरळ बसली. एक बटलर आणि काही पोरं एवढंच भांडवल असताना बाविशी-तेविशीतल्या माणसाने हे रचलं. हाताशी काय नाही याचा विचार करून त्याने रचनेचा आकारच तसा ठरवला.

परतताना वाट वाकडी करून यूअस हॅरल्ड या खेड्यात गेलो. डीन मेरीवेदर यांची बहीण मेरी ॲन हिच्याशी वेस्लीचं लग्न ४ मे १८३५ रोजी या गावच्या चर्चमध्ये लागलं. वर कॅथीड्रलचा ऑर्गनिस्ट, वधू डीनची बहीण, आणि लग्न मात्र कॅथीड्रल सोडून इतक्या आडगावी. घरच्यांना हे स्थळ किती पसंत होतं, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. चर्चच्या आवारात शिरलो तेव्हा अंधारायला आलं होतं.

बुधवार, ग्लॉस्टर

कालक्रमाने ग्लॉस्टर शेवटी यायला हवं, पण दादाची सुट्टी बुधवारचीच होती.

१८६५ मध्ये ग्लॉस्टरला ऑर्गनिस्टची जागा रिकामी झाली. उमेदवारांतून योग्य माणूस निवडायला मदत करा म्हणून तिथल्या चॅप्टरने, म्हणजे कॅथीड्रलचा कारभार पाहणाऱ्या पाळकांच्या मंडळाने, वेस्लीला विचारलं, आणि वेस्लीने ती जागा आपणच घेऊ इच्छितो असं सांगून सगळ्यांना थक्क केलं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तो इथे आला तो मरेपर्यंत इथेच राहिला.

कॅथीड्रल भव्य आहे. पूर्वेची चौदाव्या शतकातली काचेची खिडकी टेनिस कोर्टाएवढी म्हणून सांगतात, आणि ओवऱ्यांच्या छतावरची पंख्यासारखी दगडी नक्षी बघायला मान मोडून घ्यावी लागते. ऑर्गनची लाकडी चौकट १६६६ सालची. तिच्या नळ्या रंगवलेल्या, सोनेरी नक्षीच्या आहेत. वेस्ली याच चौकटीच्या आत बसून वाजवत असे.

ग्लॉस्टर, हेरेफर्ड आणि वूस्टर या तीन कॅथीड्रलांचा आळीपाळीने भरणारा 'थ्री क्वायर्स' महोत्सव अठराव्या शतकापासून चालत आला आहे. ग्लॉस्टरची पाळी आली की संचालन वेस्लीकडे. संचालक म्हणून तो फार चांगला नव्हता, असं त्या वेळच्या लोकांनीच लिहून ठेवलंय. पण १८७१ मध्ये त्याने बाखचं सेंट मॅथ्यू पॅशन, ही येशूच्या दुःखभोगावरची मोठी रचना, इथे बसवलं. ज्याचं नाव घेऊन जन्माला आला त्याचं एवढं मोठं ऋण त्याने त्या वर्षी थोडंफार फेडलं, असं मला वाटतं.

१८७३ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्याकडून विचारणा झाली, सर ही पदवी हवी की वर्षाला शंभर पौंडांचं निवृत्तिवेतन? वेस्लीने निवृत्तिवेतन घेतलं. चरित्रकार याकडे गंमत म्हणून बघतात. मला त्यात आयुष्यभर पगारासाठी भांडलेला, पाच मुलगे वाढवलेला संसारी माणूस दिसतो. १९ एप्रिल १८७६ रोजी तो इथेच वारला.

त्या दिवशी इव्हनसाँगला सम्शनचं 'जी' पट्टीतलं मॅग्निफिकात, म्हणजे मरियेचं स्तुतिगीत, होतं. हर्बर्ट सम्शनही इथलाच ऑर्गनिस्ट, विसाव्या शतकातला. हे छान ऐकायला मिळालं, पण वेस्लीशी त्याचा संबंध नाही, म्हणून थांबते.

गुरुवार, एक्सेटर

आज एकटीच. टेंपल मीड्सहून आगगाडीने तासाभरात एक्सेटर सेंट डेव्हिड्स. तिथून गावात चढावर चालत जायचं.

१८३५ ते १८४२ हा वेस्लीचा इथला काळ. त्याच काळात, १८३९ मध्ये, ऑक्सफर्डने त्याला डॉक्टर ऑफ म्यूझिक केलं. वय अठ्ठावीस. पदवीसाठी सादर केलेलं अँथम मॉडलिन कॉलेजच्या चॅपलमध्ये गायलं गेलं. चॅप्टरशी त्याचे खटकेही इथेच वाढले.

कॅथीड्रलमध्ये शिरल्यावर नजर छतावरच खिळते. कमानीमागून कमान, मध्ये मनोरा नसल्याने कुठेही खंड न पडता थेट शेवटपर्यंत. मधल्या दगडी पडद्यावर १६६५ ची ऑर्गनची चौकट उभी आहे, जॉन लूझमोरने केलेली. डाव्या भिंतीवर उंच सज्ज्यात देवदूतांची रांग कोरली आहे, हातांत वेगवेगळी वाद्यं. तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांनी मला बॅगपाइप फुंकणारा देवदूत बोटाने दाखवला. वेस्लीचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "त्याच्या थडग्याकडे जाणार असाल तर सपाट तळाचे बूट आहेत ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

बूट होते. जुनं स्मशान गावच्या तटाबाहेर, सेंट बार्थोलोम्यूच्या उतारावर आहे. खाली इजिप्शियन धाटणीची भुयारी दफनघरं, सभोवती गवत आणि वाकलेले दगड. १८४० मध्ये वेस्लीची लहानगी मुलगी मेरी वारली. वर्षही पुरं झालं नव्हतं. तिला इथे पुरलं. वेस्ली पुढे लीड्सला गेला, विंचेस्टरला गेला, ग्लॉस्टरला गेला, छत्तीस वर्षं मध्ये गेली, आणि तरी त्याचं शव ग्लॉस्टरहून एक्सेटरला आणून तिच्याजवळ ठेवण्यात आलं. त्याची तशी इच्छा होती.

'वॉश मी थ्रूली' ही त्याची छोटी रचना साधारण याच वर्षांतली मानतात. एक्कावन्नावं स्तोत्र, माझा दोष धुऊन टाक. एकटा बालस्वर सुरुवात करतो आणि स्वर अर्ध्या अर्ध्या पायरीने असे सरकत जातात की ऐकणाऱ्याला टेकायला जागा मिळत नाही. मुलीच्या मृत्यूशी ती जोडून ऐकावी का? अशा जोडण्या मला सहसा पटत नाहीत. पण त्या उतारावर उभं राहून मी ती मनातल्या मनात सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटली हे खरं.

माणूस म्हणून वेस्ली अवघड होता. कामावर गैरहजर राही, पत्रांतून भांडे, वरिष्ठांना तोडून बोले, शिष्यांच्या भरवशावर उपासना टाकून मासे धरायला जाई. प्रत्येक गावात सुरुवात आनंदात आणि शेवट कडवटपणात झाला. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी हे झाकू नये. मात्र ज्या गोष्टीसाठी तो भांडत होता ती खरी होती, तिच्याकडे लीड्सला येईन.

शनिवार, विंचेस्टर

दादा आणि वहिनी दोघंही सोबत. विंचेस्टरचं कॅथीड्रल लांबच लांब, दक्षिण टोकाला असलेल्या एका लहान चॅपलमध्ये आयझॅक वॉल्टनची कबर आहे. मासेमारीवरच्या लिखाणासाठी तो साडेतीनशे वर्षांपासून इंग्रजांच्या घराघरांत माहीत आहे. बाहेर इचेन नदी वाहते, तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी. गळ टाकण्याचं वेड असलेल्या ऑर्गनिस्टला सोळा वर्षं, १८४९ ते १८६५, या गावात का रमावंसं वाटलं ते पुलावरून खाली बघताच कळलं. दादाला एक मोठा ट्राउट दिसला आणि अर्धा तास आम्ही तिथेच.

इथली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऑर्गन. नाट्यसंगीताच्या साथीचा ऑर्गन आपल्याला माहीत आहे, तो पायपेटीच्या जातीचा, आत धातूच्या पट्ट्या असलेला. कॅथीड्रलचा ऑर्गन नळ्यांचा. प्रत्येक स्वराला, प्रत्येक नादप्रकाराला स्वतंत्र नळी, म्हणून नळ्या हजारोंनी. लंडनच्या १८५१ च्या जागतिक प्रदर्शनात हेन्री विलिस या तरुण कारागिराने एक अवाढव्य ऑर्गन मांडला होता. वेस्लीच्या सल्ल्यावरून विंचेस्टरने त्याचा मोठा भाग विकत घेतला आणि १८५४ मध्ये तो इथे वाजू लागला. अंगठ्याने दाबून नादांची आधी ठरवलेली जुळणी एका झटक्यात बदलण्याची बटणं विलिसने त्यात बसवली होती. पायपट्ट्यांची पंख्यासारखी पसरलेली, मध्ये खोलगट मांडणी आज जगभर सर्रास दिसते. तिचं श्रेयही विलिस आणि वेस्ली या दोघांना देतात. मी आमच्याकडच्या साध्या कीबोर्डवर वाजवणारी, त्यामुळे इव्हनसाँगनंतर सगळे निघून गेले तरी वरच्या नळ्यांकडे बघत उभी राहिले.

स्वरमेळाच्या बाबतीत वेस्लीचं म्हणणं आपल्या लोकांना विशेष समजेल. पेटीवरचे बाराही स्वर सारख्या अंतराने बसवले की कोणत्याही पट्टीत वाजवता येतं, पण शुद्ध गंधाराचा गोडवा जातो, ही तक्रार आपल्याकडे किती जुनी आहे. त्याच कारणाने आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं होतं. वेस्लीची तक्रार अगदी हीच होती. विलिसने लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलसाठी बांधलेला ऑर्गन १८५५ मध्ये सुरू झाला, तो वेस्लीच्या आग्रहावरून जुन्या, असमान पद्धतीने लावलेला होता. नेहमीच्या पट्ट्या गोड लागत आणि दूरच्या पट्ट्यांत स्वर कर्कश भांडत. नवल असं, की वेस्लीची स्वतःची रचना सतत त्या दूरच्या पट्ट्यांकडे धाव घेते. बारा वर्षांनी तो ऑर्गन सम स्वरांत लावून टाकला. या वादात माझा कौल वेस्लीच्या कानाकडे आहे, जरी वाजवणारी म्हणून मी सम स्वरांशिवाय एक दिवसही काढू शकत नाही.

जवळच्या ट्वायफर्डच्या शाळेत तेव्हा ह्यूबर्ट पॅरी नावाचा मुलगा होता. पुढे तो इंग्लंडचा मोठा रचनाकार झाला. त्या पोराचं संगीताचं वेड ओळखून तिरसट वेस्लीने त्याला जवळ केलं, हेही नोंदवून ठेवायला हवं.

इव्हनसाँगला 'दाउ विल्ट कीप हिम इन परफेक्ट पीस' होतं. ज्याचं मन तुझ्या ठायी स्थिर त्याला तू पूर्ण शांती देतोस. पाच भागांतला स्वरमेळ, सगळं हळू आवाजात. इतक्या भांडखोर माणसाच्या हातून इतकं निवांत संगीत कसं उतरलं असेल! वहिनी बाहेर आल्यावर म्हणाली, "हे मला त्या हेरेफर्डवाल्यापेक्षा जास्त आवडलं." माझं मत उलट आहे. गाडीत त्यावर सॅलिसबरीपर्यंत बोलणं चाललं.

रविवार, लीड्स

दादाने शनिवारी रात्रीच्या गाडीत बसवून दिलं. लीड्सला माझी कॉलेजातली मैत्रीण राहते, तिने घरी नेलं. सकाळच्या उपासनेला आम्ही दोघी लीड्स मिन्स्टरला गेलो. वेस्लीच्या वेळी हे पॅरिश चर्च होतं, मिन्स्टर हे नाव २०१२ पासूनचं. काळवंडलेली, भक्कम इमारत. जुनं चर्च पाडून इथले मुख्य पाळक वॉल्टर हुक यांनी ही बांधून घेतली आणि १८४१ मध्ये तिचं समर्पण झालं. गिरण्यांच्या, धुराच्या या शहरात कॅथीड्रलसारखी रोजची गायलेली उपासना चालावी ही हुक यांची जिद्द. म्हणून त्यांनी १८४२ मध्ये वेस्लीला आणलं. पगार वर्षाला दोनशे पौंड, तोही दहा वर्षांसाठी हमी दिलेला. कॅथीड्रल सोडून माणूस पॅरिश चर्चमध्ये जातो म्हणजे पायरी उतरतो अशी समजूत होती. इथे मात्र पैसा होता, गायक होते आणि कौतुक होतं.

आणि इथूनच त्याने कॅथीड्रलांवर तोफ डागली. आधी १८४५ मध्ये छापलेल्या 'ई' पट्टीतल्या सर्व्हिसच्या, म्हणजे उपासनेतल्या ठरलेल्या गीतांच्या संचाच्या, प्रस्तावनेत, मग १८४९ च्या 'अ फ्यू वर्ड्स ऑन कॅथीड्रल म्यूझिक' या पुस्तिकेत. म्हणणं सरळ होतं. समोरासमोर दोन तुकड्यांनी गायची ही उपासना, तिला प्रत्येक भागात पुरेसे आवाज हवेत. म्हणून प्रत्येक कॅथीड्रलमध्ये निदान बारा मोठे गायक असावेत, त्यांना पोट भरेल एवढा पगार मिळावा, म्हणजे त्यांना जोडधंदे करावे लागणार नाहीत. ऑर्गनिस्टला चॅप्टरने हरकाम्या समजू नये. संगीताचा निर्णय संगीत कळणाऱ्याने घ्यावा. यात अवाजवी काय होतं? पण त्या दशकात कॅथीड्रलांची संपत्ती कायद्याने कमी केली जात होती आणि कात्री पहिली संगीतावर चालत होती. योजना कागदावरच राहिली. तीच योजना लिहिणारा वेस्ली त्याच वर्षी विंचेस्टरला गेला, म्हणजे पुन्हा एका डीनच्या हाताखाली.

या आठवड्यात मी जे ऐकलं ते पाहता त्याचं बरंचसं मागणं आज पुरं झालेलं दिसतं. रोजचा सराव, शिकवलेले आवाज, निष्णात ऑर्गनिस्ट, आणि १९९१ मध्ये सॅलिसबरीने मुलींचा वृंद सुरू केल्यापासून मुलीही. इव्हनसाँगला तिकीट नाही, कुणीही येऊन बसावं. पण संध्याकाळी श्रोते किती होते? ग्लॉस्टरला बुधवारी आम्ही धरून वीस-बावीस. इतकी वर्षं, इतक्या कष्टाने जपलेलं हे गायन ऐकायला इंग्लंडला जाणाऱ्या मराठी माणसाने एक संध्याकाळ काढावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ख्रिस्ती असायची गरज नाही. साडेपाचच्या आधी दहा मिनिटं दारात जाऊन उभं राहावं, बसवतात.

सोमवार, हेल्म्सली

मैत्रिणीच्या गाडीने यॉर्कशरच्या माळांकडे. हेल्म्सली हे बाजाराचं टुमदार गाव, चौकातच 'ब्लॅक स्वान' हे जुनं हॉटेल अजून चालू आहे. १८४७ च्या डिसेंबरात वेस्ली इथल्या राय नदीवर मासे धरायला आला होता. अपघात होऊन त्याचा पाय वाईट मोडला आणि कित्येक महिने त्याला अंथरुणावर काढावे लागले, त्यातला बराच काळ याच हॉटेलात. इथे पडल्यापडल्या त्याने 'कास्ट मी नॉट अवे' लिहिलं. पुन्हा तेच एक्कावन्नावं स्तोत्र. त्यात एक ओळ आहे, तू मोडलेली हाडं उल्हासोत. 'मोडलेली' या शब्दावर वेस्लीने आवाज असे एकमेकांना घासत ठेवलेत की कानाला दुखतं.

हॉटेलात चहा आणि स्कोन मागवून आम्ही दोघींनी फोनवर एकच इअरफोन वाटून घेऊन ते ऐकलं. ती जागा आली तेव्हा मैत्रिणीने, जी स्वतः अस्थिरोगतज्ज्ञ आहे, डोळे बारीक केले आणि मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितलं. मग ती मला त्या काळी मोडलेलं हाड कसं बसवत ते सांगू लागली. क्लोरोफॉर्मचा वापर एडिंबरोला त्याच १८४७ च्या नोव्हेंबरात नुकता सुरू झाला होता. डिसेंबरात तो या खेड्यातल्या डॉक्टरपर्यंत पोहोचला असण्याची शक्यता फार कमी. म्हणजे वेस्लीचा पाय बहुधा शुद्धीवर असतानाच ओढून बसवला गेला असणार. हे ऐकल्यावर मी ती जागा तिसऱ्यांदा लावली.

आमच्या पुण्याच्या वृंदात टेनर दोन आणि बास दोन, त्यामुळे हे गाणं आम्हाला झेपणारं नाही. 'लीड मी, लॉर्ड' मात्र झेपेल. १८६१ च्या एका मोठ्या अँथममधला तो छोटासा शेवट, पाचव्या स्तोत्रातली ओळ, आधी एकटा बालस्वर आणि मग तेच सगळ्यांनी. परतीच्या वाटेवर मैत्रिणीने गाडी चालवली आणि मी मराठी शब्द बसवत राहिले. 'हे परमेश्वरा, मला चालव' यात 'चालव' वर वजन नेमकं पडतं. 'न्यायीपणाने' मात्र कुठेच बसत नाही, त्याला दोन स्वर फोडावे लागतील. ऑल्टोची ओळ मुलींना आधी वेगळी शिकवायची, जूनच्या पहिल्या रविवारी सराव ठेवला आहे.